धान्याच्या व्यापाऱ्यांचा धम्म

बुद्ध म्हटलं की डोळे मिटून बसलेली एक शांत मूर्ती मनात उभी राहते. आता ती हॉटेलाच्या दारात दिसते, बंगल्याच्या दिवाणखान्यात दिसते, गाडीच्या काचेपुढेही दिसते. तिच्यावरून आपण धम्माचा अर्थही ठरवून टाकला आहे: संसाराचा ताप वाढला की घटकाभर बाजूला व्हावं, श्वासाकडे लक्ष द्यावं, मन निवलं की पुन्हा कामाला लागावं. जुन्नर तालुक्याच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती बहुतेक सगळी बौद्ध आहेत आणि त्यांच्या जुन्या कोरीवकामात ही मूर्ती शोधून सापडत नाही. आहे तो स्तूप. आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत माणसांची नावं आहेत: कोण, कुठला, कुणाचा मुलगा, काय दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे संघटना, आहे, कासार आहेत, बुरूड आहेत, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे, शक आहे, यवन आहेत.

या नावांनी मला मूर्तीपेक्षा जास्त शिकवलं आहे. धम्म ही एकट्याने मिळवायची मनःशांती आहे, ही समजूत या भिंतींपुढे टिकत नाही. अन्न, पाणी, जमीन आणि पैसा माणसांनी एकमेकांत कसा वाटून घ्यायचा, याची ती शिस्त होती. मनाची साधना त्या शिस्तीचा गाभा होती, पर्याय नव्हती. हे आज आवर्जून मांडायला हवं, कारण धम्माला खोलीच्या कोपऱ्यात बसवण्याची घाई चहूकडे चालू आहे.

आमचं डिंगोरे माळशेज घाटाच्या माथ्याकडच्या अंगाला, कल्याणहून अहिल्यानगरला जाणाऱ्या महामार्गावर आहे. ओतूरचा कांदा आणि परिसरातला भाजीपाला याच रस्त्याने घाट उतरून वाशीला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीही या मुलखाचा व्यवहार कोकणाशीच होता. तेव्हाची मोठी वाट नाणेघाटाची, आणि खालचं टोक कल्याणचं. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरचा लेख सांगतो की ते दान कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, मुलाचं आहे. त्याचं नाव सुलसदत्त. डिंगोऱ्याहून बनकर फाट्याला आलं आणि गणेशखिंडीतून जुन्नरकडे उतरलं की हे चैत्यगृह ज्या डोंगरात आहे तो समोर येतो. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यालाही तो असाच दिसत असणार. सांगायचं एवढंच की ही लेणी आडरानात नाहीत. ती बाजारपेठेच्या भोवती, रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या जवळ आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी हा मुलूख पायी हिंडले, आणि पश्चिम घाटातल्या लेण्यांचा व्यापारी मार्गांशी असलेला संबंध त्यांनी ठामपणे मांडला. ज्यांना जग सोडायचं होतं ते जगाच्या इतक्या जवळ का राहिले, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधापासून कितीतरी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, हजारोंनी कार्षापणं, म्हणजे नाणी. आणि त्याच वाटेच्या वरच्या टोकाला, जुन्नरच्या भोवती, यज्ञ न मानणाऱ्या भिक्षूंसाठी डोंगर कोरले जात होते. राजवाडा यज्ञ करी आणि बाजारपेठ लेणी कोरवी, अशी सोपी वाटणी करण्याचा मोह होतो. पण नाशिकला सातवाहनांच्याच राजमाता गौतमी बलश्रीनेही भिक्षूंना लेणं दिलेलं आहे. तरी दोन प्रकारच्या देण्यातला फरक मोठा आहे, आणि तो बुद्धांनी स्वतःच सांगून ठेवला आहे.

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. कूटदंत नावाचा एक मातबर ब्राह्मण मोठा यज्ञ मांडून बसला आहे. शेकडो बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड, मेंढे यूपांशी आणून बांधले आहेत, आणि यज्ञ नीट कसा करावा हे विचारायला तो बुद्धांकडे जातो. बुद्ध त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगतात. त्या राजालाही महायज्ञ करायचा होता. त्याचा पुरोहित त्याला म्हणाला, राज्यात चोऱ्या-दरोडे माजले आहेत. अशा वेळी नवा कर बसवणं बरं नव्हे. चोरांना मारून, बांधून, हाकलूनही हा उपद्रव मिटणार नाही, कारण उरलेले पुन्हा तेच करतील. जो शेती करतो, जनावरं पाळतो त्याला बी आणि वैरण द्या. जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या. जो चाकरी करतो त्याला पोटापुरतं वेतन द्या. राजाने तसं केलं. लोक आपापल्या कामाला लागले, चोऱ्या थांबल्या, माणसं दाराला कडी न लावता राहू लागली. मग जो यज्ञ झाला त्यात एकही जनावर मेलं नाही, झाडं तोडली गेली नाहीत, कुणाला वेठीला धरलं नाही. याहून सोपा आणि जास्त फळ देणारा यज्ञ कोणता, असं कूटदंत विचारत जातो आणि बुद्ध एकेक पायरी सांगत जातात: नित्य दान, चारही दिशांच्या संघासाठी विहार, त्रिशरण, पंचशील आणि पुढे ध्यान-प्रज्ञेपर्यंत. शेवटी कूटदंत बांधलेली जनावरं मोकळी करतो.

या क्रमाकडे नीट बघा. ध्यान आहेच, पण ते वरच्या पायरीवर आहे. तळाशी बी, वैरण, भांडवल आणि वेतन आहे. ज्याचं बी सावकाराकडे अडकलं आहे त्याला आधी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं या सुत्तात बसत नाही. चक्कवत्ति-सीहनाद सुत्त तर याहून स्पष्ट आहे. तिथे एक राजा बाकी सगळं करतो, फक्त निर्धनांना धन देत नाही. तेवढ्या एका चुकीतून दारिद्र्य येतं, दारिद्र्यातून चोरी, चोरीला शिक्षा म्हणून शस्त्र, शस्त्रातून खून, शिक्षेच्या भीतीने खोटं बोलणं, आणि असं करत माणसांचं आयुष्यही घटत जातं. चोरीचं मूळ चोराच्या स्वभावात न शोधता राजाच्या तिजोरीत शोधणारा हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो शोषणाच्या सिद्धांतावरच्या पुस्तकातून नव्हे, धर्मग्रंथातून आलेला आहे.

तिसरं सुत्त शेतकऱ्यांनी तरी वाचावंच असं आहे: अग्गञ्ञ. जग कसं झालं याची ही कथा. एके काळी भात आपोआप पिकायचं. माणसं संध्याकाळी संध्याकाळपुरतं आणि सकाळी सकाळपुरतं आणायची. एकाला कंटाळा आला. त्याने दोन्ही वेळचं एकदम आणलं. ते पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचं आणलं, तिसऱ्याने चारांचं. साठवण सुरू झाली तसं भात आपोआप उगवायचं थांबलं. मग माणसांनी शेतं वाटून घेतली आणि मध्ये बांध घातले. बांध पडला त्यानंतर पहिली चोरी झाली, पहिली शिवीगाळ झाली, पहिली मारहाण झाली. आणि हे निस्तरायला लोकांनी आपल्यातला एक जण निवडून त्याला राजा केलं, त्याच्या कामाबद्दल भाताचा वाटा ठरवून दिला. चार वर्णही असेच कामातून झाले, कुणाच्या तोंडातून-पायातून नव्हे, हे सांगण्यासाठीच ही कथा आहे. बांधाच्या वितीवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या तहसीलदारापुढे उभे राहतात अशा तालुक्यात ही कथा परकी वाटण्याचं कारण नाही.

दुःखाचं कारण तृष्णा, हे आपण शाळेत पाठ केलं. अग्गञ्ञ सुत्तात ती तृष्णा काय करते ते दिसतं: ती संध्याकाळचं भात सकाळीच आणते. प्रत्येक गोष्ट इतर कशामुळे तरी होते, स्वतंत्र असं काही नसतं, आणि ‘मी’ म्हणून जे धरून बसलो आहोत तेही अनेक कारणांची जुळणी आहे, हा बुद्धांच्या विचाराचा कणा. ‘मी’ पक्का झाला की ‘माझं’ येतं आणि ‘माझं’ आलं की बांध येतो. म्हणून मनातला बांध आणि शेतातला बांध हे दोन वेगळे विषय नाहीत. आतली साधना करून बाहेरची वाटणी तशीच ठेवणाराही अर्ध्यावर थांबला आणि बाहेरची वाटणी बदलून आतला ‘माझं’ न हलवणाराही अर्ध्यावरच थांबला.

आता प्रश्न भिक्षूंचा. ते जगाजवळ का राहिले? विनयाचे नियम वाचले की उत्तर मिळतं. भिक्षूने जमीन खणायची नाही. झाडझुडूप तोडायचं नाही. पैसा घ्यायचा नाही. अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, दुपारनंतर खायचं नाही. म्हणजे जो माणूस घर सोडून आला त्याला बुद्धांनी अशा अवस्थेत ठेवलं की रोज सकाळी गावात गेल्यावाचून त्याचा दिवस निघू नये. एकटं राहण्याची सोयच ठेवली नाही. अरण्यात कंदमुळं खाऊन राहणारा तपस्वी गावाला विसरू शकतो. भिक्षू विसरू शकत नाही. अग्गञ्ञ सुत्तातल्या त्या पहिल्या साठवणुकीच्या उलट जगणारी माणसं डोळ्यांसमोर हवीत, म्हणून ही योजना.

वर्षावासाचं कारणही असंच आहे. पावसाळ्यात भिक्षू गावोगाव हिंडतात, कोवळी रोपं तुडवतात, लहानसहान जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. म्हणून आषाढ पौर्णिमेपासून एका जागी राहण्याचा नियम झाला, असं महावग्गात आहे. माळशेजकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, आषाढात भातलावणीचा चिखल ज्याने तुडवला आहे, त्याला ही तक्रार कुणी केली असेल ते सांगावं लागणार नाही. शेतकऱ्यांनीच केली असणार. त्या तक्रारीतून मुक्काम आला, आणि मुक्कामाच्या गरजेतून आमच्या डोंगरांतल्या या खोल्या. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात एकही खांब नसलेलं विस्तीर्ण दालन आहे आणि त्याच्या तीन बाजूंनी वीस खोल्या. खोलीत शिरलं की दिसतो तो एवढाच संसार: झोपायला दगडाचा ओटा, दाराची चौकट बसवायच्या खाचा, आणि बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. तीन महिन्यांत पाऊस जे देईल ते पोढीत साठवायचं. पाणी साठवायला मुभा होती, धान्य साठवायला नव्हती.

ते अन्न-पाणी कुणी दिलं ते भिंतीवर आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. गतांचा यवन इरिल याने दोन पोढ्या दिल्या. यवन चिट याने भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडचं कूळ सांगणारा माणूस इथे आला आणि त्याने माणसांना एकत्र बसून जेवायला जागा करून दिली, ही गोष्ट मला कुठल्याही तत्त्वज्ञानाइतकी मोलाची वाटते. आमच्याकडे सप्ताहाची पंगत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं मोल कळेल. कोणाचिक श्रेणीतल्या आदुथुम नावाच्या शक उपासकाने जमीन दिली: वडालिका गावातली वीस निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) करंजाची झाडं लावण्यासाठी आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तनं वडांसाठी. दुसरा एक लेख धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या नगरातल्या उपाश्रयाचा उल्लेख करतो. म्हणजे जुन्नर शहरात बायकांचा स्वतःचा विहार होता. थेरीगाथेत उखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींतून सुटल्याचा आनंद सांगणारी स्त्री आहे. तशी एखादी जुन्नरच्या त्या उपाश्रयातही पोचली असेल, एवढं मानायला हरकत नाही.

आणि बुद्धांनी गृहस्थाला काय दिलं? सिगालोवाद सुत्तात दिशांना नमस्कार करणाऱ्या एका तरुणाला ते सांगतात की तुझ्या सहा दिशा म्हणजे आईबाप, गुरू, बायको, मित्र, नोकर आणि श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेला दोन्हीकडून कर्तव्य आहे. नोकराला त्याच्या ताकदीइतकंच काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळेवर सुट्टी. मिळकतीचे चार भाग कर: एक खर्चाला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीला. यात गूढ काही नाही. ज्याला व्यापार करायचा आहे, ज्याला उधारी-वसुलीच्या जगात नीतीने राहायचं आहे, त्याला हे हाताशी धरता येतं. धान्याच्या व्यापाऱ्यांना हा धम्म आपला का वाटला असेल, याचं उत्तर मला इथे दिसतं. जात विचारणारा पुरोहित परदेशी यवनाला यज्ञमंडपात कुठे बसवणार होता?

इथपर्यंतचं चित्र फार देखणं झालं. पण याच लेखांमध्ये ऱ्हासाचं बीजही आहे, आणि ते झाकून ठेवलं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. भिक्षूने पैसा घ्यायचा नाही, म्हणून श्रेणीकडे मुद्दल ठेवायचं आणि व्याजातून भिक्षूंची गरज भागवायची, अशी तोड निघाली. जुन्नरला बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे अशा ठेवी आहेत. नाशिकचा, नहपानाचा जावई उषवदात याचा, लेख तर हिशेबासकट आहे: विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारावर शेकडा पाऊण, व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं. ही ठेव कधी मोडायची नाही. हेतू शुद्ध होता. पण एकदा कायमची ठेव झाली की रोज सकाळी गावात जाण्याची निकड संपते. भिक्षापात्र घेऊन दारात उभा राहणारा भिक्षू गावाला ओळखतो, गाव त्याला जाब विचारू शकतं. ठेवीवर जगणाऱ्या विहाराला कुणी जाब विचारायचा? पुढे भारतभर विहार जमिनींचे, गावांचे मालक झाले, आणि व्यापार आटला, राजाश्रय फिरला, तेव्हा त्यांना सावरून धरणारं नातं भोवतालच्या घरांत उरलेलं नव्हतं. बौद्ध धम्म भारतातून का गेला याची कारणं पुष्कळ सांगितली जातात. मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे: ज्यांना साठवायचं नाही म्हणून सांगितलं होतं त्यांच्यासाठी, त्यांच्यावरच्या प्रेमापोटी, इतरांनी साठवलं.

भिक्षू गेले आणि देव आले. लेण्याद्रीच्या त्या वीस खोल्यांच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. तुळजा लेण्यात गोल चैत्य आहे: बारा साधे अष्टकोनी खांब, मधोमध स्तूप, वर घुमट, भारतात असं गोल कोरलेलं चैत्यगृह विरळाच. त्याच्या शेजारच्या लेण्यात तुळजादेवी आहे. मानमोडीवर अंबा-अंबिका आहेत. या देवतांशी माझं भांडण नाही. रिकामी जागा माणसं भरतात, आणि चतुर्थीला पायऱ्या चढून येणारी म्हातारी कुणाचं काही हिसकावून घ्यायला येत नाही. माझा आक्षेप विस्मरणाला आहे. मुलांची सहल लेण्याद्रीला जाते, पायऱ्या मोजते, दर्शन घेते, परत येते. ज्या दालनात ती उभी राहिली ते कुणी, कुणासाठी, कशातून कोरलं हे त्या मुलांच्या कानावर पडत नाही. त्या लेण्यांवरच्या नावांचा मराठी अर्थ सांगणारा एक साधा फलक प्रत्येक लेखाखाली हवा. ब्राह्मीतला मजकूर भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये छापून प्रसिद्ध केला. तो पायथ्याच्या गावांत पोचायला एवढी वर्षं लागावीत?

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. त्याआधी, २५ डिसेंबर १९५४ ला, बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. नागपूरला लाखो माणसांनी त्रिशरण घेतलं, तेव्हा इतिहासात एक विलक्षण गोष्ट घडली: भिक्षुसंघ जवळपास नसलेल्या देशात गृहस्थांनी धम्म परत आणला. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्षूबद्दल थेट प्रश्न टाकला आहे: बुद्धांना भिक्षू कशासाठी हवा होता, स्वतःला परिपूर्ण करणारा माणूस म्हणून की लोकांची सेवा करणारा म्हणून? केवळ परिपूर्ण माणूस असेल तर त्याचा धम्माच्या प्रसाराला उपयोग नाही, असं त्यांचं मत. परंपरावाद्यांना हा प्रश्न उद्धट वाटला. जुन्नरच्या भिंती वाचून आलेल्या माणसाला तो अगदी जागेवरचा वाटतो. ज्या नात्याच्या तुटण्याने धम्म गेला ते नातंच बाबासाहेब पुन्हा मागत होते.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ‘ही लेणी सगळ्यांची आहेत’ असं आम्ही गावकरी सहज म्हणतो. खरंही आहे ते: दान देणाऱ्यांत शेतमालाचे व्यापारी आहेत, कारागीर आहेत, परदेशी आहेत, राजाचा अमात्य आहे. इथल्या कुणब्याला, माळ्याला, महादेव कोळ्याला, मुसलमानाला त्यांत आपला पूर्वज शोधायचा हक्क आहे. पण ज्यांना गावाबाहेर ठेवलं, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांनी जेव्हा ही परंपरा डोक्यावर घेतली तेव्हा आमच्यापैकी कुणाला ती ‘सगळ्यांची’ वाटली नव्हती. सवलती बंद होण्याची भीती असताना, गावकीचा रोष पत्करून त्यांनी ती घेतली. मग आता वारसा म्हणून मिरवायला ती सगळ्यांची, आणि वैशाख पौर्णिमा मात्र ‘त्यांच्या आळीची’, हे चालणार नाही. ज्याला हक्क सांगायचा त्याने आधी बुद्धजयंतीला त्या आळीत जाऊन पंगतीला बसावं. यवन चिटाच्या भोजनमंडपाचा वारसा त्याहून सोप्या वाटेने मिळत नाही. आणि उलट बाजूनेही मला एक सांगावंसं वाटतं: धम्म ही केवळ ओळख होऊन बसली, जयंतीचा ध्वज आणि मिरवणूक एवढीच उरली, तर पुन्हा तोच बांध पडेल. बावीस प्रतिज्ञांत नकार आहेत तसे अष्टांगमार्ग, पारमिता, शील आणि सर्व जीवांवर दया पाळण्याचे होकारही आहेत.

बुद्धांनी घर का सोडलं? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला म्हणून, ही सर्वांना माहीत असलेली कथा. धर्मानंद कोसंबींनी १९४० च्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ती इतिहास म्हणून मानायला नकार दिला आणि सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवलं. तिथे बुद्ध स्वतः सांगतात की आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर शस्त्र उगारणारी माणसं पाहून आपल्याला भय वाटलं. बाबासाहेबांनी पुढे जाऊन रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेलं भांडण हे गृहत्यागाचं कारण म्हणून मांडलं. त्यांच्या ग्रंथात शाक्यांच्या सभेत सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि ठराव मांडतो: आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी पाण्याचा निवाडा करावा. ठराव बहुमताने फेटाळला जातो. बहुमत युद्धाच्या बाजूचं असतं, आणि सिद्धार्थ परिव्राजक होतो.

पाण्याचं हे भांडण आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. पिंपळगाव जोगा, माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत जातं. कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस ठेवायचं, डिंभे-माणिकडोह बोगदा व्हावा की नाही, यावरून वरचे आणि खालचे समोरासमोर येतात. दोन्हीकडचे शेतकरीच. खालच्या श्रीगोंदा-कर्जतच्या जळत्या उभ्या पिकाचं दुःख खरं आहे आणि आमच्याकडच्या आटत्या विहिरीचंही. पण या भांडणात तिसरा एक पक्ष आहे ज्याचं नाव कुणी घेत नाही. डिंभ्याच्या जलाशयात खुद्द आंबेगाव हे गाव बुडालं, आणि त्याच्याबरोबर आदिवासी वाड्या. धरणाच्या वर डोंगरात राहिलेल्या त्या वस्त्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन झरा शोधत हिंडतात, आणि खाली त्यांच्याच जमिनीवर साठलेलं पाणी कालव्याने शंभर मैल जातं. कूटदंताला सांगितलेल्या गोष्टीतला राजा इथे पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की ज्यांच्याकडून घेतलं त्यांना बी, वैरण आणि पाणी मिळालं का.

आवर्तन ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते. तिथे मंत्री असतात, आमदार असतात, अधिकारी असतात. त्या बैठकीत वरच्या खोऱ्यातले दोन आणि खालच्या खोऱ्यातले दोन शेतकरी, आणि त्या चौघांनी मिळून निवडलेला पाचवा माणूस धरणात ज्यांची जमीन गेली त्या वाड्यांमधला, असे पाच जण मत देण्याच्या अधिकाराने बसावेत. पहिला निर्णय पिण्याच्या पाण्याचा व्हावा, मग जनावरांच्या, मग पिकाच्या. आणि कुठल्या गावाला किती पाणी कधी मिळालं याचा हिशेब प्रत्येक गावाच्या चावडीवर, ज्याला वाचता येईल त्याला वाचता येईल असा, लावला जावा. धान्याच्या व्यापाऱ्यांनी आपलं देणंघेणं दगडात कोरून सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. आपल्याला कागदावर तरी ठेवता यायला हवं. ही मागणी घेऊन डिंगोऱ्याच्या ग्रामसभेत उभं राहायला कुणी बौद्ध असण्याची गरज नाही, आणि ती मागताना आपण बुद्धांचाच फेटाळलेला ठराव पुन्हा मांडतो आहोत हे ठाऊक असायला हरकतही नाही.